साक्षीदार

मीच टाइप केलं ते. तीन प्रती, मधे दोन कार्बन.
अवाली, बहरीन, एकाहत्तरचा जुलै.
इंग्रजांचं सामान बंदराकडे निघालं होतं रोज,
आणि पाद्री ट्रेमलेट, बनियनवर,
गळ्यातली पांढरी पट्टी काढून पेपरवेटखाली ठेवलेली,
म्हणाले, "लिही, हुरजूक."

बहीण एडिथ हिला, आईची चांदीची किटली.
तोटी वाकडी आहे. तिनेच वाकवली, सातव्या वर्षी.
मी विचारलं, हेही लिहू?
म्हणाले, हेच लिही.

भाचा रूपर्ट, त्याला प्रवचनांचे अकरा खंड.
वाचणार नाही तो. पण विकण्याआधी झटकील तरी,
मधे मधे पाचाच्या नोटा घातल्यात.

आचारी कैतान याला स्वयंपाकघरातलं सगळं
आणि जी ब्रँडी तो सहा वर्षं चोरतो आहे तिची उरलेली पेटी.
साहेब, कोर्टात वाचतात हे.
"बरं. 'जिची तो निगा राखतो'."

बुशेहरचा माळी गुलामरझा, त्याला सायकल.
ड्रायव्हर जुम्माला लंबकाचं घड्याळ,
दमट हवेनं अडीचला थांबलेलं.
जुम्मा तसाही अडीचलाच येतो.

मग गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.
इथे बरसात वर्षाला चार दिवस, तीही लाजत.
हे बूट त्यांच्या गावचे, डॉर्सेटचे.
वीस वर्षं त्यांत शेतं तुडवत गेले
मरणाऱ्यांच्या उशाशी, गाभण गाईंच्याही.
"तळाला चिखल आहे अजून," म्हणाले.
कूलर ठिबकत राहिला.
कुणाला लिहू?
"राहू दे."

मी सांगितलं, आमच्यात मरणाऱ्याला फक्त तिजाई वाटता येते,
बाकीचं अल्लानं आधीच वाटून ठेवलंय,
मुलाला किती, मुलीला किती, बायकोला किती.
हसले. "मग तुम्हाला मरताना वेळ बराच मिळत असेल."

आता खरं सांगतो.
कागद संपत आला तसं माझं बोट
एच या अक्षरावर जाऊन बसलं होतं.
मला तो टाइपरायटर हवा होता.
ऑलिव्हेट्टी. ई जरासा वर उडायचा.

ते म्हणाले, "सही कर. साक्षीदार तू, आणि दवाखान्यातली नर्स."
फोर्टात वकिलाकडे तीन वर्षं काढली होती मी,
जो साक्षीला सही करतो त्याला दमडी मिळत नाही,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
त्यांनाही माहीत होतं. बघत होते माझ्याकडे.
"काही न मिळूनही खरं बोलेल असा माणूस
मला या बेटावर दोनदाच भेटला, हुरजूक."
मी सही केली. अक्षर बिघडलं.

फेब्रुवारीत गेले. मी रजेवर बाणकोटला होतो,
परत आलो तोवर वाटण्या उरकलेल्या.
कैताननं एका बैठकीत निगा संपवली आणि रडला.
जुम्मानं घड्याळ मनामाच्या बाजारात विकलं,
आणि आठवड्यानं दोन दिनार जास्त देऊन परत आणलं.
टाइपरायटर कंपनीचाच निघाला.
बूट व्हरांड्यात होते, पालथे.
कुठल्याच कलमात नसलेले.

मी बसलो उकिडवा. पत्रं फोडायच्या चाकूनं
तळाच्या नक्षीतून खरवडत गेलो,
काळी, ढेकळांची, आमच्या मळ्यातल्यासारखी माती.
त्यात गवताची एक काडी.
कागद मिळेना, म्हणून वापरलेल्या कार्बनात बांधली.

आमच्यात तीन मुठी माती देतात.
ही एक मूठही भरली नाही.
त्यांच्या थडग्यावरची पिवळी वाळू
बोटानं जराशी उकरून तिच्यात मिसळली
आणि वारा होता म्हणून हात ठेवून बसलो थोडा वेळ.

कार्बन घडी करून खिशात घातला.
उजेडाकडे धरला तर उलटा वाचता येतो,
किटली, सायकल, घड्याळ,
आणि खाली माझं नाव.
त्या शर्टाचा डाग काही गेला नाही.